पिंपावरचं नाव, कागदावरचा आकडा
(नभोवाणीवरील भाषण, संपादित)

पुणे-सोलापूर रस्त्यानं जाताना पाटस मागं पडलं की थोड्याच वेळात कुरकुंभ येतं. तिथं औद्योगिक वसाहतीत वळणारे टँकर तुम्ही पाहिले असतील. अशा टँकरवर केशरी पट्ट्याची एक पाटी असते आणि तिच्यावर चार आकडे लिहिलेले असतात. १५९३ हा आकडा दिसला, तर आत मिथिलीन क्लोराईड आहे असं समजावं. इकडे नगर रस्त्यावर, शिरूर तालुक्यातल्या रांजणगावच्या बाजूला, एखाद्या टेम्पोतल्या पिंपांवर १७१० दिसला तर ते ट्रायक्लोरोइथिलीन. हे आकडे संयुक्त राष्ट्रांच्या यादीतले आहेत आणि जगभर तेच चालतात. अपघात झाला तर अग्निशमन दलाच्या माणसाला समोर काय सांडलं आहे ते कळावं, एवढ्यासाठीच ते असतात.

याच मालाला आणखी एक आकडा असतो, पण तो रस्त्यावर दिसत नाही. न्हावा-शेवा बंदरात जो आयात माल उतरतो, त्याच्या कागदावर तो आठ आकडी क्रमांक लिहावा लागतो. मिथिलीन क्लोराईडचा २९०३ १२ ००, ट्रायक्लोरोइथिलीनचा २९०३ २२ ००. आयात मालाची कागदपत्रं तयार करणं आणि माल सीमाशुल्क खात्यातून सोडवून आणणं हा माझा व्यवसाय. त्यामुळे या आठ आकड्यांशी माझा रोजचा संबंध. आज त्यांच्याबद्दल बोलायचं कारण असं की, हा आकडा केवळ कर भरण्यापुरता असतो असा आपल्याकडे समज आहे. तो पुरता खरा नाही.

आधी हा माल काय आहे ते पाहू. क्लोरीनयुक्त द्रावक म्हणजे ज्यांच्या रेणूत क्लोरीन आहे असे, दुसरे पदार्थ विरघळवणारे द्रव. मिथिलीन क्लोराईड पाण्यासारखं रंगहीन असतं, वास किंचित गोडसर. ते साधारण ४० अंश सेल्सिअसला उकळतं. एप्रिल-मे महिन्यांत दौंडला पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा उन्हात ठेवलेल्या पिंपाचं झाकण जपून का उघडायचं, हे वेगळं सांगायला नको. औषधांच्या कारखान्यात याच गुणाचा उपयोग होतो. रासायनिक क्रिया संपली की हवा असलेला पदार्थ पाण्यातून या द्रावकात ओढून घ्यायचा आणि मग थोड्याशा उष्णतेनं द्रावक उडवून द्यायचं. नाजूक पदार्थ जळत नाही. कुरकुंभला औषधांचे आणि रसायनांचे कारखाने आहेत, तिथल्या कामगाराला तुम्ही ‘एमडीसी’ म्हटलंत की तो लगेच ओळखेल.

ट्रायक्लोरोइथिलीनचं काम निराळं. ते ८७ अंशांना उकळतं. धातूचे सुटे भाग बनवताना त्यांना तेल आणि ग्रीस लागतं. रंग किंवा मुलामा देण्याआधी ते काढावं लागतं. हौदात हे द्रव उकळवतात आणि वर तरंगणाऱ्या वाफेत गार सुटा भाग धरतात. वाफ भागावर थंड होते, तेल विरघळवून खाली ठिबकते आणि भाग कोरडाच बाहेर येतो. वाहनं, फ्रीज, वॉशिंग मशीन यांच्या सुट्या भागांचं काम जिथं चालतं, तिथं या द्रावकाला ही जागा मिळाली.

आता आठ आकड्यांची उकल करू. जगातल्या मालाची ओळख एकाच पद्धतीनं पटावी म्हणून ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेनं एक वर्गीकरण तयार केलं. त्याचा करार १ जानेवारी १९८८ पासून लागू झाला. भारतानं १९८६ मध्येच आपल्या सीमाशुल्काच्या दरपत्रकात ही पद्धत आणली होती. पहिले दोन आकडे प्रकरणाचे. २९ वं प्रकरण सेंद्रिय रसायनांचं. पुढचे ०३ म्हणजे हायड्रोकार्बनमध्ये क्लोरीन, फ्लोरीन, ब्रोमीन वगैरे घालून तयार होणारे पदार्थ. त्यापुढचे दोन आकडे नेमक्या पदार्थाचे. इथवर सहा आकडे झाले, ते करारातल्या सगळ्या देशांत सारखे. शेवटचे दोन आपल्या देशाचे.

या २९०३ मध्ये शेजारी शेजारी कोण राहतं पाहा. ११ मध्ये मिथाईल क्लोराईड, १२ मध्ये मिथिलीन क्लोराईड, १३ मध्ये क्लोरोफॉर्म, १४ मध्ये कार्बन टेट्राक्लोराईड. ही चार सख्खी भावंडं. मिथेनच्या रेणूतला एकेक हायड्रोजन काढून तिथं क्लोरीन बसवत गेलं की एकापाठोपाठ एक जन्मतात आणि कारखान्यातही बरोबरच तयार होतात. भारतात त्यांचे मोठे कारखाने गुजरातेत वडोदरा आणि दहेजला, तमिळनाडूत मेत्तूरला आहेत. त्यांना लागणारा क्लोरीन मिठाच्या पाण्यातून वीज सोडून कॉस्टिक सोडा करताना मिळतो, आणि मिथेनॉल आपण बहुतांश परदेशातून आणतो. म्हणजे ‘देशी’ एमडीसीच्या पिंपातही निम्मा व्यापार परदेशाशी असतो.

पहिली अडचण नावाची. मिथिलीन क्लोराईड, मिथिलीन डायक्लोराईड, डायक्लोरोमिथेन, एमडीसी, डीसीएम ही सगळी एकाच द्रवाची नावं आहेत. उलट मिथाईल क्लोराईड आणि मिथिलीन क्लोराईड ही नावं कानाला जुळी वाटतात, पण पहिला वायू आहे आणि दुसरा द्रव. परदेशी विक्रेत्याच्या बिलावर टंकलेखकाच्या हातून दोन अक्षरं इकडची तिकडे झाली, तर पदार्थ बदलतो, आकडा बदलतो आणि धोकाही बदलतो. म्हणून आम्ही बिलावरच्या नावावर थांबत नाही, सीएएस क्रमांक मागतो. जगातल्या प्रत्येक रसायनाला असा एक क्रमांक दिलेला आहे. एमडीसीचा ७५-०९-२. नावं दहा असोत, हा क्रमांक एकच.

दुसरी अडचण जास्त रंजक आहे. एकच द्रव तीन वेगळ्या दारांनी आत येऊ शकतं. शुद्ध एमडीसी २९ व्या प्रकरणात जातं. त्यात तयार होतानाच राहिलेली थोडी अशुद्धी असली तरी चालते. ते टिकावं म्हणून अगदी थोडं स्थिरक घातलेलं असलं तरीही चालतं, असं प्रकरणाच्या टिपेत स्पष्ट म्हटलं आहे. पण याच एमडीसीत मिथेनॉल, मेण वगैरे मिसळून जुना रंग खरवडून काढायचं द्रव बनवलं, की ते २९ मध्ये राहत नाही. ते ३८१४ मध्ये, म्हणजे थिनर आणि रंग काढणाऱ्या मिश्रणांच्या घरात जातं. आणि कारखान्यात वापरून काळपट झालेलं, टाकून द्यायचं द्रावक असेल तर त्याचा आकडा ३८२५ ४१, म्हणजे क्लोरीनसारखी द्रव्यं असलेलं टाकाऊ द्रावक. असा कचरा विल्हेवाटीसाठी भारतात आयात करायला बंदी आहे. तेव्हा पिंपात काय आहे एवढं सांगून भागत नाही, ते कोणत्या अवस्थेत आहे हेही सांगावं लागतं.

माझ्या पाहण्यातलं एक उदाहरण सांगतो. एका लहान उद्योजकानं सुटे भाग धुण्यासाठी परदेशी द्रव मागवलं. विक्रेत्यानं बिलावर नुसतं ‘क्लीनिंग सॉल्व्हंट’ असं लिहिलं आणि आकडा शुद्ध रसायनाचा टाकला. अधिकाऱ्यांनी नमुना प्रयोगशाळेत पाठवला. ते मिश्रण निघालं. निकाल येईपर्यंत कंटेनर बंदरात उभा आणि त्याचं भाडं रोज चढतं. इकडे कारखान्यातली धुलाई थांबलेली. त्या उद्योजकाला चोरी करायची नव्हती. त्याला मालाची घटकांची यादी मागायची असते, हेच कुणी सांगितलं नव्हतं.

यात पैसा किती अडकतो, ते हिशेबानं पाहू. समजा एका कंटेनरमधल्या मालाची किंमत १० लाख रुपये आणि मूळ सीमाशुल्क साडेसात टक्के धरलं. शुल्क झालं ७५ हजार. त्यावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, साडेसात हजार. मग १० लाख ८२ हजार ५०० वर १८ टक्के एकात्मिक वस्तू व सेवा कर, तो १ लाख ९४ हजार ८५०. शेवटचा कर कारखानदाराला पुढे वजावटीत मिळतो. खरा भार राहतो ८२ हजार ५०० रुपयांचा. ज्या देशाशी आपला व्यापार करार आहे तिथून माल आला आणि तो तिथंच तयार झाल्याचा दाखला बरोबर असेल, तर हा भार कमी होतो किंवा उतरतो. म्हणून आकडा आणि मूळ देश या दोन रकान्यांवर साऱ्यांचं लक्ष असतं. २०२० मध्ये आलेल्या नियमांनी नुसता दाखला पुरेसा मानणं बंद केलं. माल त्या देशात कसा तयार झाला याची माहिती आयातदारानं स्वतःजवळ ठेवली पाहिजे.

आता उलट बाजू. अशी सवलत घेऊन वर्षाला २० कंटेनर आणले आणि पुढे आकडा चुकीचा ठरला, तर एका वर्षाचे साडेसोळा लाख होतात. साधारणपणे खातं दोन वर्षांपर्यंत मागे जाऊन वसुली करू शकतं. माहिती मुद्दाम दडवल्याचं सिद्ध झालं तर पाच वर्षांपर्यंत. पाच वर्षांचे साडेब्याऐंशी लाख, वर व्याज आणि तेवढाच दंड. लहान कारखान्याला कुलूप लावायला एवढी नोटीस पुरते. २०११ पासून शुल्काची आकारणी आयातदारानं स्वतःच करायची आहे. म्हणजे आकडा निवडण्याची जबाबदारी त्याच्यावर आहे, एजंटावर ढकलून ती सुटत नाही. शंका असेल तर माल आणण्याआधीच आगाऊ निर्णय मागता येतो. त्यासाठी मुंबई आणि दिल्ली इथं प्राधिकरणं आहेत आणि २०२१ पासून ती काम करत आहेत. लहान उद्योजक या वाटेला फार कमी जातात. जायला हवं.

आकड्यावर देशाचं धोरणही टांगलेलं असतं. परदेशी माल त्याच्या घरच्या भावापेक्षा स्वस्त विकून इथलं उत्पादन मोडतो आहे, असं देशी उत्पादकांनी दाखवून दिलं तर सरकार त्यावर जादा शुल्क बसवतं. २०१४ मध्ये युरोपीय संघ, अमेरिका आणि दक्षिण कोरियातून येणाऱ्या मिथिलीन क्लोराईडवर असं शुल्क बसलं होतं. तेव्हा वडोदऱ्याच्या उत्पादकाला जे संरक्षण वाटतं, ते कुरकुंभच्या खरेदीदाराला महागाई वाटतं. दोघंही आपल्या जागी खरे. पुढे अमेरिकेनं मे २०२४ मध्ये मिथिलीन क्लोराईडच्या सर्व घरगुती आणि बहुतेक औद्योगिक वापरांवर बंदी जाहीर केली. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायक्लोरोइथिलीनवरही टप्प्याटप्प्यानं बंदीचा नियम काढला. एका मोठ्या देशात मागणी आटली की तिथला माल दुसरं गिऱ्हाईक शोधतो. तो आपल्याकडे स्वस्तात येऊ लागला, तर आनंद मानताना तिथं तो का नकोसा झाला हेही विचारलं पाहिजे.

कारण साधं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ट्रायक्लोरोइथिलीनला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. मिथिलीन क्लोराईड ‘संभवतः कर्करोगकारक’ गटात आहे. औषधात हे द्रावक किती उरलं तर चालेल यालाही आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. मिथिलीन क्लोराईडसाठी दहा लाखांत ६०० भाग, ट्रायक्लोरोइथिलीनसाठी ८०, कार्बन टेट्राक्लोराईडसाठी फक्त ४. निर्यातीच्या औषधाची प्रत्येक खेप या कसोटीवर घासली जाते. या शेवटच्या भावंडाची गोष्ट तर सर्वांना ठाऊक असावी अशी आहे. कार्बन टेट्राक्लोराईड एके काळी धातू आणि कपडे धुण्यासाठी सर्रास वापरलं जाई. ते ओझोनचा थर विरळ करतं असं सिद्ध झालं. १९८७ च्या माँट्रियल करारात भारत १९९२ मध्ये सामील झाला आणि २०१० च्या सुरुवातीपासून आपण धुलाईसारखे त्याचे वापर बंद केले. आता ते दुसरं रसायन बनवायला कच्चा माल म्हणून तेवढं चालतं. १२ आणि १४ मध्ये दोनच आकड्यांचं अंतर, पण एक माल मोकळा आणि दुसरा परवान्याच्या साखळीत बांधलेला.

इथवर बंदरातली गोष्ट झाली. पण माल फाटकातून आत गेल्यावर त्याच्या नावाचं काय होतं? मोठ्या कारखान्यात पिंपावर लेबल असतं, माहितीपत्रक असतं. तिथून वीस लिटरच्या कॅनमध्ये ओतलं, कॅन एखाद्या लहान शेडमध्ये गेला, की लेबल मागे राहतं. मग त्याचं नाव ‘थिनर’ होतं, ‘क्लिनर’ होतं, नाहीतर नुसतं ‘लिक्विड’. बंदरात दोन अक्षरांवरून आठवडाभर घासाघीस केलेल्या मालाला शेवटच्या माणसापाशी नावच उरत नाही.

याची किंमत काय ते सांगतो. मिथिलीन क्लोराईडची वाफ हवेपेक्षा जड असते, टाकीच्या तळाशी साचून राहते. ती श्वासातून शरीरात गेली की शरीर तिच्यापासून कार्बन मोनॉक्साईड तयार करतं, आणि मोकळ्या हवेत आणल्यावरही काही तास ते तयार होत राहतं. बोटाला लावायचं साधं ऑक्सिमीटर हे ओळखू शकत नाही, ते आकडा ठीकच दाखवतं. म्हणून अशा कामगाराला दौंडच्या किंवा शिरूरच्या दवाखान्यात नेलं आणि बरोबरचा माणूस ‘थिनरचा वास लागला’ एवढंच म्हणाला, तर डॉक्टर त्याला अर्ध्या तासात घरी पाठवण्याची शक्यता आहे. ‘मिथिलीन क्लोराईड’ एवढा एक शब्द सांगितला, तर रक्त तपासलं जाईल आणि ऑक्सिजन लावला जाईल.

विहिरीचंही तसंच. ही द्रावकं पाण्यापेक्षा जड. तेलासारखी वर तरंगत नाहीत, खाली मुरतात. कुरकुंभ परिसरातल्या गावांनी विहिरींच्या पाण्याबद्दल वर्षानुवर्षं तक्रारी केल्या आहेत. पण विहिरीच्या पाण्याची नेहमीची तपासणी क्षार, जडपणा आणि जंतू पाहते, द्रावक पाहत नाही. त्यासाठी वेगळं यंत्र लागतं आणि काय शोधायचं त्याची यादी लागते. ती यादी नावांचीच असते. शिरूरची घोड नदी भीमेला मिळते, भीमा दौंडवरून उजनीला जाते. यादी कुणाला हवी, हे त्यावरून कळेल.

वापरलेल्या द्रावकाचा प्रवासही नावावर अवलंबून असतो. ते आधी ऊर्ध्वपातन करून पुन्हा वापरतात. उरलेला गाळ जाळावा लागतो. क्लोरीन असलेला कचरा जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघतो, म्हणून त्याला वेगळी भट्टी आणि धूर धुण्याची सोय लागते. रांजणगावला घातक कचऱ्याचं असं सामाईक केंद्र आहे. कुरकुंभहून चौफुला, न्हावरा करत शिरूरच्या अंगाला येणारा रस्ता दोन तालुक्यांना जोडतो. त्या रस्त्यानं जाणाऱ्या पिंपात क्लोरीन आहे की नाही, हे भरणाऱ्यानं खरं लिहिलं पाहिजे. बंदरातला ३८२५ ४१ आणि इथल्या आवारातली दोन वेगळी पिंपं, प्रश्न एकच आहे.

तेव्हा काही साध्या गोष्टी सुचवतो. आयातदारानं विक्रेत्याकडून घटकांची यादी आणि सीएएस क्रमांक घेतल्याशिवाय मागणी पक्की करू नये. कारखान्यानं लहान कॅनवरही मराठीत नाव, धोका आणि प्रथमोपचार लिहावा. त्याला कागद आणि चिकटपट्टी एवढाच खर्च येतो. ग्रामपंचायतीनं आपल्या हद्दीत कोणती द्रावकं साठवली जातात त्यांची यादी मागून घ्यावी आणि तिची एक प्रत जवळच्या दवाखान्यात ठेवावी. आणि दौंड-शिरूरच्या महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलांना माझं सांगणं आहे, की प्रयोगशाळेतल्या नोकरीखेरीज आमच्या या कामातही तुमची गरज आहे. कायदा आम्ही शिकवू. पिंपात काय आहे ते ओळखणारी माणसं मात्र आमच्याकडे फार थोडी आहेत.